उसवता येईल असंच शिव

वाई,
श्रावण

चि. रेवा,


तुझ्या आईकडून कळलं, की पुण्यात भाड्याने घेतलेल्या घरात तू नवं फर्निचर आणणार नाहीस. लोकांनी मोडीत काढलेल्या, टाकून दिलेल्या वस्तूंतूनच घर मांडायचं तुझ्या मनात आहे. ऐकून फार बरं वाटलं. तुझी आजी तर दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होती. हे तुला कुणी शिकवलं असं विचारायचं कारणच नाही; पेन्सिल बोटात धरता येईना इतकी झिजली, तरी तिला कागदाची सुरळी गुंडाळून लिहिणारी मुलगी तू, वस्तू फेकायला तुझा हात सहसा उचलणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. काळजी वाटते ती एवढ्याच एका गोष्टीची, की गणपतीपर्यंत सगळं घर लावून व्हायला हवं असं तू म्हणालीस म्हणे. पोरी, गणपती साध्या पाटावरही आनंदाने बसतो. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवण्यात माझी हयात गेली, आणि त्यातून एवढं समजलं की नव्या फळीवर घाई एकवेळ खपते, जुन्या फळीवर नाही. म्हणून हे लांबलचक पत्र. सवडीने वाच.

पहिलं सांगणं असं, की महिना-दीड महिना घर रिकामं राहू दे. एक सतरंजी, एक गादी, पाण्याचा माठ आणि स्वयंपाकाची चार भांडी एवढ्यावर एकट्या माणसाचं छान भागतं, आणि कुठे काय हवं ते राहता राहता कळत जातं. पहाटे लवकर ऊठ (तू उठतेसच, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही), चहा घेऊन खिडकीशी बस आणि ऊन कुठून आत येतं, दुपारी कुठवर सरकतं, पावसाच्या झडीने कोणती भिंत ओलावते ते बघ. ओल्या भिंतीला लाकडी फडताळ टेकवलंस तर ते आधी बुरशीच्या आणि मग वाळवीच्या हवाली होईल. जे दिसेल ते एका वहीत लिही: बसायला काय हवं, पुस्तकं किती, चपला कुठे काढायच्या, आणि प्रत्येक जागेची लांबी-रुंदी. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे जाशील तेव्हा ही वही आणि एक टेप बरोबर ने. वही हातात असली म्हणजे पितळी कड्या, तुटके पाळणे, बिनपायांच्या खुर्च्या बघून मन भुललं तरी हात भुलत नाही. नको असलेली वस्तू जुनी असली म्हणून काही अडगळ व्हायची राहत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो, आणि या पत्रातलं बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, ही एक लक्षात ठेव. जुन्या वस्तूचं जे काही करशील, ते पुढे कधीतरी पुन्हा सोडवता येईल असं कर. हल्ली रिकाम्या बाटलीला मणी, कवड्या, सुतळी, चमचम करणाऱ्या टिकल्या चिकटवून फुलदाणी करतात. दिसते छान, पण चार महिन्यांत तिच्या खाचाखोचांत धूळ बसते, एकेक मणी गळायला लागतो, धुवावी तर सुतळी कुजते. मग ती टाकायची वेळ आली, की भंगारवालाही तिला हात लावत नाही, कारण त्याला हवी असते नुसती काच. काच वितळवून पुन्हा काच होते, पत्रा वितळून पुन्हा पत्रा होतो, रद्दीचा लगदा होऊन पुठ्ठा होतो. प्रत्येक जिनसाला पुढे जायची एक वाट असते. आपण हौसेने काचेवर प्लास्टिक आणि प्लास्टिकवर गोंद थापून ती वाट बुजवली, तर आपण ती वस्तू वाचवली असं कसं म्हणायचं? फक्त कचऱ्यात जायला तिला चार महिने उशीर झाला. त्यापेक्षा बाटली कोमट पाण्यात सोडा घालून रात्रभर बुडवून ठेव, सकाळी लेबल आपसूक सुटेल, राहिलेल्या चिकटपणाला खोबरेल तेलाचा हात लाव, आणि स्वच्छ काचेत मनीप्लँटची एक वेल सोड. मुळं वाढताना दिसतात, त्याहून वेगळी सजावट लागत नाही. स्क्रू, खुंटी, पाचर, टाका आणि गाठ हे सगळे जोड परत सोडवता येतात. गोंदाची बाटली अगदी शेवटी उघडायची, आणि तीही दुसरा काहीच इलाज उरला नाही तर.

तुझ्या आजीची गोधडी आठव. तू लहानपणी तिच्यात शिरून झोपायचीस, पण ती कशी होते ते तू नीट पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगतो. सुती लुगडी आधी स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवायची. खूप वापरून मऊ झालेली, विरलेली आत घालायची, त्यातल्या त्यात धड असलेली वर आणि खाली. जमिनीवर एकावर एक थर पसरून, चुणी न राहील असे ताणून, मोठ्या मोठ्या कच्च्या टाक्यांनी ते एकमेकांना धरून ठेवायचे, आणि मग जाड दोऱ्याने कडेकडेने धावदोरा घालत आत आत सरकत जायचं. मांडीवर घेऊन रोज वीतभर, दोन वीत. जिथे कापड फाटलेलं, तिथे ठिगळ. आणि ठिगळाचा रंग वेगळा म्हणून कुणाचं काही अडत नाही, उलट गोधडीला रूप येतं ते त्यानेच. हा साधा धावदोराच तिचं सगळं शहाणपण आहे. वरचं लुगडं विरलं की त्यावर दुसरं चढवून पुन्हा दोरा घालतात. फारच जीर्ण झाली तर दोरा ओढून थर वेगळे करतात, बरा भाग पुढच्या गोधडीत जातो आणि उरलेल्याचं पायपुसणं होतं. खाली उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी समाजाच्या बायका अशाच जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात, आणि चारी कोपऱ्यांना कापडाची छोटी त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. म्हणजे सजावट आहेच, कुणी कोरडं राहायला सांगत नाही. पण ती शेवटी येते, आणि तीही टाक्याने.

आजी तिच्या ट्रंकेतली तीन लुगडी तुझ्यासाठी बाजूला काढून बसली आहे. ती म्हणते, नायलॉनच्या साड्या गोधडीत घालू नकोस. त्या थरांत सरकतात, घामही शोषत नाहीत. त्यांच्या पट्ट्या फाडून वेणी घाल आणि ती वेणी गोल गोल शिवत पायपुसणं कर. इरकलीचे काठ मात्र जपून उसव. साध्या खादीच्या पडद्याला खाली ते काठ लावलेस तर खोलीत सणाचा दिवस असल्यासारखं वाटेल. हे सगळं पावसाळ्यातलं, घरात बसून करायचं काम, तेव्हा हात शिवशिवत असतील तर इथून सुरुवात कर.

लाकडाचं मी सांगतो. पुण्यातल्या पेठांमधले वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांचे खांब, तुळया, दारं जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. त्यात चांगला पिकलेला, दाट रेषांचा साग असतो, आणि तो इतकी वर्षं वाळलेला असतो की आता सहसा वाकायचा नाही. विकत घेताना वरच्या रंगाकडे बघू नकोस; टोकाकडून बघ, नखाने दाब, बोटाने ठोकून आवाज ऐक. बद्द वाजलं तर आतून पोखरलेलं समज, आणि बारीक पिठासारखा भुसा गळत असेल तर घरी आणूच नकोस, नाहीतर आतला भुंगा घरातल्या सगळ्या लाकडाला लागेल. जुनं दार मिळालं तर त्याचे सांधे निरखून बघ. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला जीभ, आणि वरून आरपार ठोकलेली लाकडी खुंटी. खिळा नाही, सरस असला तरी नावाला. खुंटी मागून ठोकली की सगळं दार मोकळं. ज्या माणसाने ते केलं त्याला माहीत होतं की कधीतरी कुणीतरी ते उतरवणार आहे. वाड्याचे वाडे असे उतरवून पुन्हा उभे करता येत. शुक्रवार पेठ-बाजीराव रस्त्याकडे गेलीस की केळकर संग्रहालयात सवडीने जा. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती, दारं अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या, लोक ज्या मोडीत घालत होते त्या. आणि लहानपणीच वारलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं. तिथेच कोथरूडचा मस्तानी महाल आहे, तिकडून सोडवून आणून पुन्हा मांडलेला. त्याच्या खांबांशी उभी राहा आणि विचार कर, हे सगळं गोंदाने चिकटवलेलं असतं तर आज काय उरलं असतं?

तर तुला दार मिळालं आणि त्याचं टेबल करायचं असलं, तर करवत उचलू नकोस. दोन लाकडी घोड्या करून घे आणि दार त्यांवर नुसतं आडवं ठेव. नक्षी असेल तर वर एक काच. घर बदलशील तेव्हा दार वेगळं, घोड्या वेगळ्या, टेम्पोत मावतील, आणि पुढेमागे स्वतःचं घर झालं तर तेच दार पुन्हा दार म्हणून उभं राहील. त्यातले गंजके खिळे काढताना एकदम ओढायचे नाहीत. आधी हातोडीचा हलका ठोका देऊन खिळा किंचित आत ढकलायचा, म्हणजे गंजाची पकड सुटते, मग हातोडीच्या पंजाखाली लाकडाचा तुकडा ठेवून सावकाश उचलायचा. लाकूड दबत नाही, खिळा मोडत नाही. निघालेले खिळे दगडावर सरळ करून डब्यात ठेव. स्क्रू एका डब्यात, वायसर दुसऱ्यात, बिजागऱ्या तिसऱ्यात. आज हे किरकोळ वाटेल, पण रात्री आठ वाजता एका स्क्रूसाठी काम अडलं की त्या डब्याची किंमत कळते.

आणि ऋतू सांभाळ, बाळ. आत्ता पावसाळ्यात जुन्या टेबलाचा ड्रॉवर अडकेल, उघडणार नाही. रंधा मारावासा वाटेल. मारू नकोस. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं; आत्ता तासलेला ड्रॉवर उन्हाळ्यात खुळखुळेल. सध्या त्याच्या कडांना मेणबत्ती घास आणि थांब. पॉलिशचंही तसंच. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाचा बोळा सुती कापडात गुंडाळून, हात न थांबवता पातळ पातळ थर देत जायचं, हे काम मला फार आवडतं. पण दमट हवेत केलं तर वर पांढुरकी झाक येते. म्हणून दसरा होऊ दे. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात, सकाळी सातच्या सुमाराला, फळी अशी ठेव की तिरपं ऊन तिच्यावरून सरपटत जाईल. दुपारी डोळ्याला न दिसणारा प्रत्येक ओरखडा, काचकागदाची प्रत्येक चुकलेली रेघ त्या उन्हात दिसते. लवकर उठायचं म्हणतो ते यासाठीसुद्धा.

काही गोष्टी मात्र प्रेमाने नाही, धाकाने सांगतो. जुना रंग कोरडा घासायचा नाही. पूर्वीच्या तेलरंगात शिसं असे. घरगुती रंगात ते दशलक्ष भागांत ९० भागांहून जास्त असू नये हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीचा रंग संशयितच धरायचा. त्याची धूळ पोटात जाणं वाईट, आणि लहान मुलांना तर फारच वाईट. पाणी लावून घास, तोंडाला मास्क बांध, खाली कागद अंथर, आणि शेजारची पोरं बघायला जमली तर त्यांना आधी घरी पाठव. मालाच्या खोक्यांखालचे लाकडी पॅलेट आणशील तर त्यावरचा शिक्का वाच: 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते चालेल, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात नको. ज्या पिंपात रसायन होतं ते कितीही धुतलं तरी बसायला वा पाणी साठवायला घेऊ नकोस. टायरची कुंडी करायची तर तळाला मोठी भोकं पाड, नाहीतर साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतील. जुना दिवा आवडला तर त्याचं पितळ ठेव, वायर आणि होल्डर नवे घाल. आणि लाकडाला जवसाचं तेल चोळलंस, तर ती तेलकट फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेटूसुद्धा शकतात. पाण्यात बुडव, नाहीतर दोरीवर एकेक मोकळी पसर.

धीर किती धरावा, असं विचारशील. चंदीगड वसत होतं तेव्हा तिथे नेकचंद नावाचे एक रस्ते-निरीक्षक होते. नव्या शहरासाठी उठवलेल्या खेड्यांचा राडारोडा, फुटक्या कपबश्या, मोडकी भांडी, काचेच्या बांगड्यांचे तुकडे ते सायकलवरून गोळा करत आणि नोकरीची वेळ संपल्यावर जंगलातल्या एका जागी गुपचूप मांडत. १९५७च्या सुमारास सुरुवात केली. सरकारला ते कळलं १९७५मध्ये, आणि पुढच्या वर्षी ती बाग लोकांसाठी उघडली. आजही माणसं रॉक गार्डन बघायला जातात. मधली अठराएक वर्षं कुणी शाबास म्हणायला नव्हतं. तुझ्या दोन खोल्यांना तेवढा वेळ लागायचा नाही, पण एक गणपती सोडून पुढच्या गणपतीपर्यंत थांबायला हरकत काय आहे?

अजून एक. तुझ्या सोसायटीच्या खाली कुणी खुर्ची टाकलेली दिसली, तर उचलण्यापूर्वी कचरा वेचायला येणाऱ्या ताईंना विचार. टाकलेली वस्तू बेवारस नसते. काच, पत्रा, पुठ्ठा वेचून विकण्यावर त्यांचं घर चालतं. पुण्यात या बायकांनी १९९३मध्ये कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, आणि हे कष्टाचं काम आहे, याला मान आणि मोल हवं, हे शहराला ऐकवलं. तेव्हा त्यांच्या वाट्याचं काही घेतलंस तर त्याचे पैसे त्यांना दे, आणि तिथे घासाघीस करू नकोस. तशीच कल्हईवाल्याशी, गोधडी शिवून देणाऱ्या मावशींशी, म्हाताऱ्या सुताराशीही करू नकोस. काटकसर स्वतःच्या गरजेत करायची असते, दुसऱ्याच्या मजुरीत नाही. हे तुला ठाऊक आहेच. तरी लिहितो, कारण घाईत असलेला चांगला माणूसही भाव पाडून मोकळा होतो.

शेवटी एक सवय लावून घे. प्रत्येक वस्तू पुरी झाली की तिच्या मागे किंवा खाली, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, पेन्सिलीने लिही: लाकूड कुठून आलं, आधी काय होतं, साल कोणतं, आणि सांधा कुठून उघडायचा. गोधडीच्या आतल्या बाजूला कुणाचं लुगडं आहे ते दोऱ्याने टिपून ठेव. शाळेत मी मुलांकडून हे करून घेत असे, आणि त्यांना त्याचा कंटाळा येई, कारण त्यांच्या मते स्टूल झालं की काम संपलं. ते संपत नाही. तुझ्यानंतर ते स्टूल कुणाच्या तरी हातात जाईल, त्या माणसाला काही वेगळं हवं असेल, आणि त्याने करवत न उचलता ते उघडावं, एवढी सोय आपण करून ठेवायची.

पॉलिशचं सामान मी इथून पाठवीन, चपडा बाजारात भेसळीचा मिळतो. जेवण वेळेवर घेत जा.

तुझा,
आजोबा